त्रेपन्न की पस्तीस? दुसरीच्या वर्गातला एक आठवडा

सोमवारी, पहिल्याच तासाला दुसरीच्या बाई म्हणतात, "लिहा, त्रेपन्न." बऱ्याच पाट्यांवर ५३ उमटतं, काहींवर ३५. मराठी शाळेत दुसरीला शिकवलेल्या कुणालाही हे नवीन नाही. घरी मात्र या चुकीवर पहिला प्रश्न येतो तो "लक्ष कुठे होतं?" हाच. खरं तर त्या मुलाचं लक्ष अगदी जागेवर होतं. त्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि पन्नास नंतर. कानावर तीन पडला, हाताने तीन लिहिला. मग पन्नास ऐकू आले, त्याचा पाच शेजारी बसला. बरोबर उत्तर लिहायचं तर मुलाला तो तीन क्षणभर मनात धरून ठेवावा लागतो, पाच आधी लिहावा लागतो आणि मग तीनकडे परतावं लागतं. सात वर्षांच्या मेंदूला हे काम जड जातं, कारण एका वेळी मनात धरून ठेवण्याची त्याची क्षमता मोठ्या माणसापेक्षा बरीच कमी असते.

ही अडचण फक्त आपली नाही. जर्मन, डच, डॅनिश आणि अरबी भाषांतही एकक आधी बोलतात. जर्मनभाषक पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या चुका या अदलाबदलीशी निगडित होत्या. त्याहून बोलका पुरावा चेक भाषेतला आहे. चेकमध्ये दोन्ही पद्धती चालतात: 'वीस-पाच' म्हणता येतं आणि 'पाच-आणि-वीस'ही. तीच मुलं, तेच अंक; पण उलट्या क्रमाने सांगितले की चुका वाढतात. म्हणजे दोष मुलाच्या बुद्धीत शोधण्यात अर्थ नाही. नॉर्वेने तर १९५१ साली संख्या बोलण्याचा क्रमच अधिकृतपणे बदलला आणि दशक पुढे आणला. त्यामागचं एक मोठं कारण होतं टेलिफोन: तोंडी सांगितलेले नंबर जोडताना गोंधळ होत होता.

मराठीत क्रमाबरोबर आणखी एक ओझं आहे. दोन हा अंक बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे' आणि ब्याण्णवमध्ये 'ब्या' होतो. साठचं 'सष्ट' होतं, सत्तरचं 'हत्तर', नव्वदचं 'ण्णव'. शिवाय एकोणीस ते एकोणनव्वद अशी आठ नावं वजाबाकीची आहेत. एकोणसाठ ऐकल्यावर मुलाच्या कानावर साठ पडतात, लिहायचे मात्र पाच आणि नऊ असतात. ही रीत शिकून हात बसतो तोवर नव्याण्णव येतं आणि तिथे वजाबाकी नाहीच, सरळ नऊ आणि नव्वद. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि त्रेपन्नला 'पाच-दहा-तीन' म्हणतात. चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना १९९५ साली झाली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुलं सारखीच होती; फरक पडला तो अकराच्या पुढे, जिथे इंग्रजी नावं वाकडी होतात. मराठी नावं तर शंभराच्या उंबरठ्यापर्यंत वाकडीच राहतात.

आपल्याकडेच याचं दुसरं टोक पाहायला मिळतं. अक्कलकोट किंवा जतकडच्या ज्या मुलांच्या घरी कानडी बोलतात, ती घरी 'ऐवत्तमूरु' म्हणतात, म्हणजे पन्नास-तीन. सोलापुरातल्या तेलुगूभाषक घरांत 'याभै मूडु', तेही पन्नास-तीन. या मुलांच्या कानावर घरी दशक आधी येतो आणि मराठी शाळेत एकक आधी. अशा वर्गातल्या बाईंनी एकदा "घरी काय म्हणता?" एवढं विचारलं तरी दशक-एककाचा धडा अर्धा शिकवून होतो.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास तीन' अशी नावं जुन्या नावांच्या जोडीने आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत. जोडाक्षरांनी भरलेल्या नावांमुळे ज्या मुलांना गणिताची भीती बसते, त्यांच्यासाठी ही दुसरी वाट आहे. माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि वर सांगितलेले अभ्यास त्याच बाजूला झुकतात. त्रेपन्न हा शब्द मुलाला यायलाच हवा, त्याशिवाय बाजारात, एसटीत, आजीच्या गोष्टीत त्याचं अडेल. पण शब्द पक्का होईपर्यंत 'पन्नास तीन' म्हणत, पाच दशकांचे गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून अंक लिहिला, तर अंकाचा अर्थ आणि अंकाचं नाव ही दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागत नाहीत.

सोमवारच्या तासाअखेर गठ्ठे-काड्या करून, फळ्यावर लिहून, सगळा वर्ग ५३ बरोबर लिहू लागतो. बाईंना बरं वाटतं. मंगळवारी पुन्हा विचारलं की अर्ध्या वर्गाची पाटी कोरी. "काल तर येत होतं!" हे वाक्य प्राथमिक शाळेत रोज ऐकू येतं.

ते येत होतं हे खरं, आणि आज आठवत नाही हेही खरं. विसरण्याचा वेग पहिल्यांदा मोजला जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी. त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजलं. १८८५ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसानंतर ३४ टक्के, आणि तब्बल ३१ दिवसांनंतरही २१ टक्के. म्हणजे पहिल्या काही तासांत मोठी घसरण होते आणि नंतर ती फार मंदावते. अॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी २०१५ साली हाच प्रयोग पुन्हा केला आणि आलेख जवळपास तसाच निघाला.

शाळेच्या दृष्टीने या आकड्यांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांनी निवडलेलं माप. एबिंगहाउस यांनी 'किती आठवलं' याऐवजी 'पुन्हा शिकायला किती कमी कष्ट पडले' हे मोजलं. मंगळवारी कोरी पाटी घेऊन बसलेलं मूल सोमवारच्या सकाळइतकं कोरं नसतं. त्याला आठवत नाही, पण दुसऱ्यांदा ते लवकर शिकतं. तिसऱ्यांदा आणखी लवकर, आणि प्रत्येक वेळी विसरायला आधीपेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून एकच गोष्ट सोमवारी सलग चाळीस मिनिटं घोटून घेण्यापेक्षा सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि पुढच्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं घेतली तर जास्त टिकते. तेवढीच मिनिटं, फक्त अंतर ठेवून वाटलेली. स्मृतीच्या अभ्यासात इतक्या वेळा खरे ठरलेले निष्कर्ष थोडे आहेत. (याच एबिंगहाउस यांना पुढे ब्रेस्लाउ शहरातल्या शाळांत सलग तासांचा मुलांवर काय परिणाम होतो हे तपासण्याच्या कामात घेतलं गेलं. त्यासाठी त्यांनी मजकुरातले तुकडे गाळून मुलांना ते भरायला लावले आणि १८९७ साली ती चाचणी प्रसिद्ध केली. आपल्या 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नाच्या मागे हा इतिहास आहे.)

बुधवारी पाढे. सगळा वर्ग एका सुरात "सात एके सात, सात दुणे चौदा" म्हणतो. त्या लयीचं मला प्रेम आहे, आणि पाढे पाठ करणं हे मागासलेपण आहे असं मला मुळीच वाटत नाही. सात आठी छप्पन्न हे तोंडावर असलं की पुढे भागाकार करताना मन मोकळं राहतं. पण समूहात म्हणताना कोण आठवून म्हणतंय आणि कोण शेजाऱ्याच्या आवाजावर तरंगतंय हे कळत नाही, खुद्द मुलालाही कळत नाही. मधूनच "सात आठी किती?" विचारलं की अनेक मुलं ओठांतल्या ओठांत सात एके सातपासून सुरुवात करतात. त्यांना साखळी पाठ आहे, सुटी कडी सापडत नाही.

आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग आहे, हे दाखवणारा एक प्रयोग रोएडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. प्राथमिक शाळेतल्या मुलांवरच्या प्रयोगांतही आठवून पाहण्याचा फायदा दिसला आहे, फक्त लहान मुलांना आठवायला थोडा टेकू लागतो: पहिलं अक्षर, एखादं चित्र, समोरचा गठ्ठा. आणि उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्ती लागते, नाहीतर चूकच पक्की व्हायची भीती.

आठवायला वेळही लागतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या कामात दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर सांगतात. हीच उसंत तीन सेकंदांच्या वर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि "माहीत नाही"चं प्रमाण घटलं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण मागच्या बाकावरच्या, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलीला वाक्य जुळवायला तेवढे तरी लागतातच. पटसंख्या मोठी, अभ्यासक्रम संपवायची घाई, वर माहिती भरण्याची कामं, यात शिक्षकांकडून ती उसंत सुटते याचं मला नवल वाटत नाही. तरी पैसा न लागणारी, साहित्य न लागणारी यापेक्षा सोपी सुधारणा मला सुचत नाही.

गुरुवारी हातच्याची वजाबाकी. पुस्तकाचं एक पान, ओळीने गणितं, सगळी हातच्याची. तिसऱ्या गणितापासून मूल विचार करायचं थांबवतं: दशकातून एक घ्यायचाच आहे. दुसऱ्या दिवशी ५८ वजा २३ दिलं तरी ते दशक मोडतं. त्याला कृती येते, ती कधी करायची ते येत नाही, कारण ते ठरवायची वेळच त्या पानावर कधी आली नाही. फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांवर झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग नेमका यावर होता. निम्म्या वर्गांना एका प्रकारची गणितं एकगठ्ठा दिली, निम्म्यांना तीच गणितं मिसळून. महिन्याभराने न सांगता परीक्षा घेतली: मिसळून सोडवणाऱ्यांना ६१ टक्के, एकगठ्ठावाल्यांना ३८. सातवी आणि दुसरीत फरक आहे. नवी रीत पहिल्यांदा शिकताना चार सारखी गणितं लागतातच. पण पाचवं बिनहातच्याचं, सहावं बेरजेचं आणि सातवं सोमवारच्या त्रेपन्नचं असायला काही हरकत नाही.

रात्री काय घडतं ते शाळेला दिसत नाही. दिवसा शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने धरून ठेवलं जातं. झोपेत त्याच पेशींच्या जोडण्या पुन्हा जाग्या होतात, हे १९९४ साली उंदरांमध्ये थेट नोंदवलं गेलं, आणि या उजळणीतून आठवण हळूहळू मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, रुजते असं मानतात. मॅसॅच्युसेट्समध्ये बालवाडीतल्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ दिला होता. दुपारी झोपल्यावर त्यांना जास्त जागा आठवल्या. ज्या दिवशी त्याच मुलांना जागं ठेवलं, त्या दिवशी झालेलं नुकसान रात्रीच्या झोपेनेही भरून निघालं नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांची २०१६ सालची शिफारस आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये काढला, तो या अर्थाने स्मृतीच्या विज्ञानाला धरून आहे. शाळा उशिरा भरली तरी मूल रात्री अकरापर्यंत मोबाइल बघत बसलं तर त्याचा उपयोग होणार नाही. तेवढा भाग घराचा.

शनिवारी चाचणी. आठवडाभर ज्यावर काम केलं त्यावरच, दहा अंक, पाच गणितं. गुण चांगले येतात आणि पालकांच्या सह्या होतात. पण शुक्रवारी घोटलेलं शनिवारी आठवणं आणि शिकणं यांत अंतर आहे, हे रोएडिगर-कार्पिके यांच्या पाच मिनिटांच्या निकालातच दिसलं होतं. मी शिक्षकांना सुचवेन की ती चाचणी शनिवारी घ्या, पण निम्मे प्रश्न पंधरा दिवसांपूर्वीचे ठेवा. गुण कमी येतील. पालकांना आधीच सांगून ठेवा की या चाचणीचे गुण प्रगतिपुस्तकात जाणार नाहीत. काय पुन्हा शिकवायचं ते बाईंना कळावं आणि विसरत चाललेलं मुलांनी एकदा ओढून वर काढावं, यासाठी ती आहे. आणि ज्या पाटीवर ३५ दिसेल, त्या मुलाला "मोठ्याने म्हण, काय ऐकलंस?" असं विचारा, मग तीन सेकंद थांबा.