दंतव्यंगोपचार उपकरणे आणि मुलांचे उच्चार

वेडेवाकडे दात व जबड्यांची ठेवण सुधारण्यासाठी, साधारणतः ८ ते १५ या वयात बसवलेल्या तारा, प्लेट, टाळू रुंदावणारा स्क्रू इत्यादींमुळे बोलण्यात होणारे, बहुधा तात्पुरते बदल. परिणाम किती होईल हे मुख्यतः उपकरण दातांच्या कोणत्या अंगाला बसते यावर ठरते. बाहेरून चिकटवलेल्या नेहमीच्या ब्रेसेसनी ओठ आणि गाल सोलवटतात, पण उच्चार सहसा फारसे बिघडत नाहीत. जिभेच्या बाजूची तार आणि टाळूवरची ॲक्रिलिकची प्लेट यांचे तसे नाही.

सर्वांत आधी बिघडतो तो ‘स’. पारंपरिक व्याकरणात तो दंत्य मानलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची जीभ वरच्या दातांमागील हिरडीच्या उंचवट्याशी, म्हणजे वर्त्साशी, अरुंद पन्हळ करते आणि तिच्यातून सुटलेली हवा दातांच्या कडेवर आपटून सीत्कार उमटतो. प्लेटचे दोनेक मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक नेमके या उंचवट्यावर येते. पन्हळीचे माप चुकते आणि ‘स’ बोबडा किंवा ‘श’कडे झुकलेला ऐकू येतो. मराठीत ‘चार’मधला तालव्य ‘च’ आणि ‘चारा’मधला दंततालव्य ‘च’ वेगळे आहेत. दुसऱ्याच्या शेवटी ‘स’सारखेच घर्षण असल्याने त्यालाही तोच धोका. ‘ट’, ‘ड’ यांसाठी जीभ टाळूला घट्ट टेकली की पुरते, त्यामुळे ते लवकर सावरतात.

जीभ टाळूला कोठे टेकते हे पाहण्याची रीत, पॅलेटोग्राफी, दंतवैद्यांनीच रूढ केली. तिचे जनकत्व वादग्रस्त आहे. काही जण इंग्रज वैद्य इरॅस्मस डार्विन यांच्या १८०३ मधील नोंदींपर्यंत मागे जातात. पण त्यांनी तोंडात वर्खाच्या नळ्या धरून स्वरांची जागा शोधली, टाळूवरचा ठसा घेतला नाही. इंग्लंडमधील ओकली कोल्स यांनी १८७१ च्या सुमारास स्वतःच्या टाळूला पीठ व डिंकाचे मिश्रण फासले आणि एकेक ध्वनी उच्चारून ते कोठे पुसले जाते हे पाहिले. अमेरिकेतील नॉर्मन किंग्जली यांनी १८८० च्या आसपास काळ्या व्हल्कनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) कृत्रिम टाळू खडूने माखून वापरला. आद्यत्व कोल्स यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि तोंडाबाहेर काढून पाहता येणारा पातळ टाळू पुढे अधिक उपयोगी ठरला. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात विकसित झालेल्या विद्युत-पॅलेटोग्राफीच्या, म्हणजे जिभेचा स्पर्श विजेच्या साहाय्याने नोंदवणाऱ्या, पट्टीत ६२ स्पर्शबिंदू असतात. मात्र ती पट्टी स्वतःच टाळू झाकते, म्हणून तिच्यावरची मापे घेण्याआधी बोलणाऱ्याला तिची सवय करून द्यावी लागते.

सवय जडण्याचा काळ उपकरणागणिक बदलतो. कृत्रिम टाळू बसवलेल्या प्रौढांचा ‘स’ तासाभराच्या जोरकस सरावाने सुधारतो, असे बॉम व मॅकफार्लंड या संशोधकांना १९९७ मध्ये आढळले. प्लेट लावलेली मुले बहुधा काही दिवस ते दोन आठवड्यांत रुळतात. दातांच्या आतून लावलेल्या ब्रेसेसना जास्त वेळ लागतो. मोठ्याने वाचन करणे हा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो वेगळाच: वर्गात उभे राहून बोलायची पाळी आली की मूल प्लेट काढून कंपासपेटीत टाकते, उपचार रखडतो आणि जीभही शिकत नाही.

टाळू रुंदावण्याच्या उपकरणात स्क्रूचा पाव फेर साधारण ०.२५ मिलिमीटर अंतर वाढवतो. उपचार चालू असता पुढच्या दोन दातांत फट पडते आणि काही काळ ‘स’मधून हवा निसटते, ही फट पुढे बहुधा आपोआप मिटते. पुढचे दात मुळातच एकमेकांना न टेकणाऱ्या मुलांत बोबडेपणा उपचाराआधीपासून असू शकतो, पण दोष प्लेटवर येतो. म्हणून उपकरण बसवण्यापूर्वी मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे इष्ट. काही आठवड्यांनीही फरक पडला नाही, तर पुढच्या दातांमागचे ॲक्रिलिक घासून पातळ करतात आणि गरज भासल्यास वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.