एका तासात दोन शेपट्या, त्याही शून्यातून

2024 आणि 2025 मध्ये केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या केसेस वाढल्या आणि फॅमिली ग्रुपवर ‘मेंदू खाणारा अमीबा’ फिरायला लागला, सोबत कुठल्यातरी शेपटीवाल्या जंतूचं लालभडक चित्र. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झालाय की हा जंतू शेपटी हलवत पोहत पोहत नाकातून मेंदूत शिरतो. तसं नाहीये. नाकात घुसतो तो बिनशेपटीचा, सरपटणारा अमीबा, शाळेत आकृती काढून छद्मपादाला नाव द्यायचो साधारण तसाच. तो वासाच्या मज्जातंतूला धरून वर सरकतो. शेपटीवालं रूप खरंच आहे पण त्याचा धंदा वेगळा, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्या प्रकरणात तेच सगळ्यात भारी वाटतं.

हा नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातल्या माल्कम फाउलर आणि कार्टर या डॉक्टरांनी 1965 मध्ये या आजाराच्या केसेस मांडल्या, त्या फाउलरवरून हे नाव. कोमट गोड्या पाण्यात राहतो, बॅक्टेरिया खातो. खाणं संपलं, पाण्यातले क्षार अचानक कमी झाले, म्हणजे समजा डबक्यात पावसाचं पाणी आलं, की याचं रूप बदलतं. अंग आवळून आधी गोल होतो, मग नासपतीसारखा लांबट, आणि एका टोकाला दोन कशाभिका, म्हणजे त्या शेपट्या, फुटतात. या रूपात तो खात नाही, विभागतही नाही, फक्त पोहत दुसरी जागा गाठायची, आणि मग परत अमीबा.

आता यात एवढं काय? तर कशाभिका म्हणजे नुसता केस नव्हे. आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या गोलाकार, मध्ये आणखी दोन, आणि हे सगळं ज्या पायावर उभं राहतं ते सेंट्रिओल. आपल्या पेशीत सेंट्रिओल आधीपासून असतं आणि नवीन बनतं ते सहसा जुन्याच्या शेजारी, त्याचाच आधार घेऊन. नेग्लेरियाच्या अमीबा रूपात सेंट्रिओल नसतंच! पेशीद्रवात सूक्ष्मनलिकाही नसतात, सरपटण्याचं सगळं काम अ‍ॅक्टिन नावाचं दुसरं प्रथिन करतं, सूक्ष्मनलिका दिसतात त्या फक्त विभाजनाच्या वेळी आणि त्याही केंद्रकाच्या आत.

अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात चँडलर फुल्टन यांनी यावर कित्येक दशकं काम केलं, पण फाउलेरीवर नाही, त्याच्या निरुपद्रवी भावावर, नेग्लेरिया ग्रुबेरीवर. बॅक्टेरिया धुऊन काढायचे, अमीबा साध्या बफरमध्ये, म्हणजे खाणं नसलेल्या द्रावणात, सोडायचे आणि घड्याळ लावायचं. 25 अंशाला साधारण तासाभरात निम्म्या पेशींना शेपट्या! 1971 मध्ये फुल्टन आणि डिंगल यांनी दाखवलं की सेंट्रिओल दिसतात ते शेपटी फुटायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी. त्याआधी पेशीने जीन चालू करून ट्युब्युलिन हे सूक्ष्मनलिका घडवणारं प्रथिन नव्याने बनवलेलं असतं, कारण विभाजनासाठी वापरते ते ट्युब्युलिन वेगळं आणि शेपटीचं वेगळं, जुना माल इथे चालत नाही. जीन वाचायचं काम सुरुवातीलाच औषधाने बंद पाडलं तर शेपटी येतच नाही.

मग 2016 मध्ये आणखी एक गंमत कळली. दोन्हीच्या दोन्ही सेंट्रिओल काही शून्यातून येत नाहीत. पहिलं शून्यातून, आणि दुसरं त्या पहिल्याचा हात धरून, म्हणजे आपल्या पेशीतली पद्धतही याच्याकडे आहेच. मला विचाराल तर ‘मेंदू खाणारा’पेक्षा ही हेडलाईन व्हायला हवी होती, पण असो.

भीतीचं म्हणाल तर आजार दुर्मिळ आहे पण झाला तर बहुतेक जण दगावतात, अँफोटेरिसिन बी आणि मिल्टेफोसिन ही औषधं देऊन थोडेच वाचलेत. पाणी पिऊन होत नाही, नाकात गेलं तरच. म्हणूनच जलनेती करणाऱ्यांनी ऐका, ‘प्राचीन आहे, काही होत नाही’ हे अमीबाला माहीत नसतं. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करून दोन जण गेले. मीठ घातलं, पाणी स्वच्छ दिसतंय, यावर विसंबू नका, उकळून गार केलेलंच घ्या.

शेपटीचा उपयोग लॅबलाही होतो. पेशंटच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्याचा थेंब स्लाईडवर ताजा ताजा बघतात, अमीबा हलताना दिसला तर थोडा नमुना डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून ठेवतात, काही वेळाने शेपटीवाल्या पेशी पोहायला लागल्या तर तो नेग्लेरिया. मेंदूला त्रास देणाऱ्या अ‍ॅकँथअमीबा आणि बॅलामुथिया या दुसऱ्या अमीबांना शेपटी कधीच फुटत नाही, आणि केरळातल्या केसेसमध्ये अ‍ॅकँथअमीबाही सापडलाय. फक्त शेपटी आली नाही म्हणून नेग्लेरिया नाहीच असं म्हणता येत नाही, सगळ्याच पेशी बदलतील याची खात्री नसते, त्यामुळे पक्कं करायला पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, लागतेच.