लाल टेपवाली क्रॉस केबल

कुडाळच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला एक लॅन केबल टांगलेली असते, दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली. ती क्रॉस केबल, दोन पीसी थेट जोडायची. साध्या, म्हणजे स्ट्रेट केबलच्या जुडग्यात हरवू नये म्हणून टेप.

१९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट, म्हणजे संगणक वायरने एकमेकांना जोडायची पद्धत, आकाराला येऊ लागलं, तेव्हा ‘क्रॉस’चा प्रश्नच नव्हता. सगळी यंत्रं एकाच जाड कोॲक्सियल (टीव्हीच्या केबलसारख्या) वायरवर बोलायची आणि त्याच वायरवर ऐकायची. पुढे बारीक कोॲक्सियल आली, तरी दोन पीसी जोडायला मधे वायर, दोन टी-कनेक्टर आणि टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारी टोपणं) एवढं पुरे.

पेच आला १९९० च्या टेन-बेस-टीने, म्हणजे पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर चालणाऱ्या इथरनेटने. त्यात बोलायची जोडी वेगळी, ऐकायची वेगळी. लॅन कार्ड १ आणि २ नंबरच्या पिनांवर बोलतं, ३ आणि ६ वर ऐकतं. हबचा (अनेक पीसी जोडणाऱ्या डबीचा) पोर्ट नेमका उलटा असतो, म्हणून मधे हब असला की सरळ वायर चालते. हब काढून दोन पीसी थेट जोडले, की तोंडासमोर तोंड आणि कानासमोर कान! मग एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करून क्रिंप मारायची, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायचा. दोन पीसी सीरियल पोर्टने थेट जोडणाऱ्या नल मोडेम केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना अशाच उलटवतात, युक्ती जुनीच.

आमच्याकडे या केबलचं मोल फार. दोन पीसींच्या ऑफिसला हबचा खर्च नको असायचा. आंब्याचा हंगाम संपला, की पाऊस लागायच्या आत जुन्या पीसीतले हिशेब नव्यात घ्यायची घाई. खारी, दमट हवा कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढवते. लॅन कार्डावरचा लाइट लागला नाही, तर आधी तो थर बघायचा, मग वायरिंगला दोष द्यायचा. कार्डाचे संपर्क आम्ही अजून खोडरबरनेच घासतो.

पुढे एचपीच्या इंजिनिअरांनी ऑटो एमडीआय-एक्स आणलं. पोर्ट आपणच ओळखतो, कुठल्या जोडीवर बोलायचं. १९९९ च्या गिगाबिट मानकात तर चारही जोड्या दोन्ही दिशांनी चालतात. एका टोकाला ऑटो एमडीआय-एक्सवाला पोर्ट असला, तरी साधी केबल पुरते.

दोन्ही बाजूंना जुनी १०/१०० (मेगाबिटची) कार्डं असली, की मात्र मी खिळ्याकडे वळतो. केबल लावायची, एका पीसीला १९२.१६८.०.१ हा नेटवर्कचा पत्ता, दुसऱ्याला १९२.१६८.०.२ द्यायचा, आणि फोल्डर शेअर करायचा.