बेंच ग्राइंडर व पॉलिशर : वापर आणि निगा

बेंच ग्राइंडर म्हणजे टेबलावर बोल्टने घट्ट बसवलेली मोटर आणि तिच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक घासणारे चाक. छिन्नी, पटाशी, ड्रिल यांना धार लावणे, कापलेल्या तुकड्याची बोचरी कड मारणे, वेल्डिंगचा उंचवटा उतरवणे ही त्याची रोजची कामे. चाकाच्या जागी कापडी बफ चढवला की तेच यंत्र पॉलिशर होते. चाकाचा व्यास बहुधा १५० किंवा २०० मिमी असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर नेहमीची दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. त्या वेळी २०० मिमी चाकाची कड सेकंदाला जवळजवळ ३० मीटर वेगाने फिरत असते. भट्टीत भाजून पक्के केलेले हे चाक कठीण असते, पण ठिसूळही असते. ते फुटले तर तुकडे याच वेगाने सुटतात. त्यामुळे या यंत्रावरची सुरक्षितता स्विच दाबण्याआधी चाकाकडे किती लक्ष दिले यावर ठरते.

चाकाची पारख

पोलादासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे राखाडी किंवा पांढरे चाक, तर कार्बाइड टोकाच्या हत्यारांसाठी सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक वापरतात. चाकावर ‘ए ६० के ५ व्ही’ असा शिक्का असेल, तर त्यात अनुक्रमे कणांचा पदार्थ, कणांचा बारीकपणा, चाकाचा कडकपणा, कणांमधली मोकळीक आणि कणांना धरून ठेवणाऱ्या बंधाचा प्रकार कळतो. ३६ नंबर भरड, ६० मध्यम, ८० आणि पुढचे धारेसाठी. कठीण धातूला मऊ चाक लागते, हे नवशिक्याला उलटे वाटते. पण बोथट झालेले कण वेळेवर गळून खालचे धारदार कण वर आले तरच चाक कापते. कडक चाक ते कण धरून ठेवते आणि मग घासण्याऐवजी नुसती उष्णता होते.

चाकावर छापलेली कमाल गती मोटरच्या गतीपेक्षा जास्त असलीच पाहिजे. चढवण्यापूर्वी चाक वाजवून पाहावे. मधल्या भोकात बोट किंवा दांडी घालून ते लटकवायचे आणि कडेपासून २५ ते ५० मिमी आत, मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, लाकडी मुठीने हलके टिचकवायचे. मग चाक थोडे फिरवून पुन्हा. स्वच्छ खणखणीत आवाज आला तर चाक चांगले. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तडा आहे, ते चाक मोडून टाकावे. ओले चाक खणखणत नाही, म्हणून ते कोरडे असतानाच तपासावे.

चाक बसवणे

आधी प्लग काढावा. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, उजव्या बाजूच्या नटाला सुलटे. लक्षात ठेवायला सोपे असे की, कोणताही नट चाकाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. चाक शाफ्टवर सहज सरकले पाहिजे. ठोकून बसवू नये. चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या म्हणजे फ्लँज. दोन्ही फ्लँज एकाच मापाचे आणि चाकाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश हवेत. फ्लँज आणि चाक यांच्यामध्ये कागदी चकती, म्हणजे ब्लॉटर, लागतेच. तिच्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. नट चाक न घसरण्याइतकाच आवळावा. फार आवळल्यानेही तडा जातो.

टूल रेस्ट (तुकडा टेकवायची पाटी) आणि चाक यांत जास्तीत जास्त ३ मिमी, वरची ठिणग्या अडवणारी पट्टी आणि चाक यांत ६ मिमी अंतर ठेवावे. रेस्टजवळची फट वाढली की तुकडा तिच्यात ओढला जाऊन अडकतो, चाक फुटते आणि बोटही आत जाऊ शकते. चाक झिजेल तशी ही अंतरे पुन्हा लावावीत, तेही यंत्र पूर्ण थांबल्यावरच. नवे चाक पहिल्यांदा बाजूला उभे राहून एक मिनिट मोकळे फिरवावे.

काम करताना

चष्म्यावर फेस शील्ड, धुळीसाठी मास्क. हातमोजे, सैल बाह्या, अंगठ्या नकोत. केस बांधलेले हवेत. साध्या चाकाच्या बाजूच्या सपाटीवर घासू नये, ते आडवा दाब सोसत नाही. लहान तुकडा पकडीत धरावा.

कार्बन पोलादाची धार पिवळसर दिसू लागली की तापमान २२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असते. निळी झाली की पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले आणि धार टिकणार नाही. म्हणून दाब हलका ठेवून वारंवार पाण्यात बुडवावे. हाय स्पीड स्टील आणि कार्बाइड मात्र तापल्यावर पाण्यात बुडवू नयेत, त्यांना बारीक तडे जातात.

ॲल्युमिनियम, तांबे, पितळ चाकाच्या छिद्रांत भरून बसतात. चाक चकचकीत झाले, धातूने भरले किंवा थरथरू लागले की ड्रेसिंग करावे, म्हणजे वरचा थर खरवडून काढावा. तारा ड्रेसर, म्हणजे ताऱ्यासारख्या दातेरी चकत्यांचे ड्रेसिंगचे हत्यार, वापरताना रेस्ट थोडी मागे घेऊन ड्रेसरची खालची नखे तिच्या पुढच्या कडेत अडकवतात, मग तो डावीकडून उजवीकडे सरकवतात. नंतर ३ मिमीचे अंतर विसरू नये.

पॉलिशिंग

बफ समोरून खाली फिरतो. वस्तू त्याच्या मध्यरेषेखाली धरावी आणि बफ कडेवरून बाहेर सुटेल अशी ठेवावी. वर तोंड केलेली कड बफ पकडतो आणि वस्तू हिसकावून फेकतो. आधी अर्धी बाजू, मग वस्तू उलटून उरलेली. साखळ्या हातात धरून बफवर नेऊ नयेत. बफला लावायचा पॉलिशचा मसाला धातूप्रमाणे बदलतो : पितळ-ॲल्युमिनियमला ट्रिपोली, स्टेनलेसला हिरवे क्रोमियम ऑक्साइड, सोन्याचांदीच्या शेवटच्या चकाकीला लाल रूज. प्रत्येकाला वेगळा बफ. ॲल्युमिनियमच्या धुळीवर पोलादाच्या ठिणग्या पडल्या तर आग लागते, म्हणून ही दोन कामे एकाच धूळपेटीवर करू नयेत.

निगा

थरथर होत असेल तर आधी चाक, बुश (चाकाच्या भोकातली बाही) आणि फ्लँज पाहावेत, मग बेअरिंग. बहुतेक यंत्रांची बेअरिंग सीलबंद असतात. त्यांना ग्रीस देत नाहीत, आवाज आला की बदलतात. चाके कोरड्या जागी ठेवावीत. पाणी प्यालेले चाक एका बाजूला जड होते. मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर सिंगल फेज यंत्रात बहुधा मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर गेलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार उरतो. हात लावण्याआधी तो रेझिस्टरने उतरवावा.