गोपनीयता करार (वेतनकराराच्या वाटाघाटी)

वेतनकराराची बोलणी चालू असताना कोणती माहिती बैठकीबाहेर जाऊ द्यायची नाही, याविषयी व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात होणारा लेखी समझोता. तो एक-दोन पानांत मावतो. मागणीपत्रावरच्या पहिल्या बैठकीतच सह्या व्हाव्यात. आकडे फुटल्यावर केलेल्या कराराला अर्थ नसतो.

झाकायच्या गोष्टी दोन प्रकारच्या. उत्पादनखर्च, ग्राहकांशी ठरलेले दर असा कंपनीचा तपशील वेतनकरार झाल्यावरही गुप्त राहतो. वाटाघाटीत देऊ केलेले आकडे मात्र वेतनकरारावर सह्या होईपर्यंतच. दोन्हींना एकच कलम लावले, की संघटनेच्या वाटाघाटी करणाऱ्या कमिटीला गेट मीटिंगमध्ये (कारखान्याच्या फाटकावरच्या कामगारांच्या सभेत) तोंडच उघडता येत नाही आणि ‘कमिटी विकली गेली’ ही कुजबुज सुरू होते. म्हणून सभासदांना काय सांगता येईल, हे करारातच लिहितात: बैठकीची तारीख, चर्चेतले मुद्दे, सुटलेले मुद्दे. संघटनेचा वकील आणि हिशेबनीस यांना कागद पाहण्याची मुभाही स्पष्ट नोंदवावी.

फुटते ते बहुधा अर्धवट. तीन वर्षांसाठी १२,००० रुपयांची वाढ ६०-२०-२० टक्क्यांनी द्यायची, तर पहिल्या वर्षी ७,२०० आणि पुढे दोनदा २,४०० पडतात. त्यातच कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा धरला असेल, तर हातात येणारी रक्कम आणखी कमी. वाढीच्या तक्त्याच्या फक्त वरच्या, एकूण रकमेच्या ओळीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, की कामगार बाराच हजार धरून बसतात. यावर साधा उपाय: क्रमांक घातलेल्या प्रती वाटायच्या आणि बैठक संपताच मोजून परत घ्यायच्या.

कायद्याचा आधार मर्यादित होता. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २१ नुसार समेट अधिकारी (वादात मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) किंवा न्यायाधिकरणापुढील पुराव्यातूनच कळलेली माहिती, संघटनेने वा कंपनीने लेखी विनंती केल्यास, गुप्त ठेवावी लागे; जाणूनबुजून फोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन्ही पक्षांच्या थेट बोलण्यांना हे कलम लागू नव्हते, तिथे आपसांतला कागदच उपयोगी. या अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे.

अंतिम वेतनकरार मात्र झाकता येत नाही. १९४७ च्या अधिनियमात, समेटाबाहेर झालेल्या कराराचीही प्रत सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि समेट अधिकाऱ्याकडे पाठवणे हा ‘समझोत्या’च्या व्याख्येचाच भाग होता.