यालित्साच्या आधी पडद्यावर कोण होतं?

१९४०च्या दशकात मेक्सिकोच्या पडद्यावर राजधानीजवळच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत फुलं विकणारी एक आदिवासी मुलगी गाजली. ती साकारली होती दुरांगोतल्या धनाढ्य घराण्यातल्या, हॉलिवूड गाजवून परतलेल्या दोलोरेस देल रिओने. सत्तरच्या दशकात ‘ला इंडिया मारिया’ (म्हणजे ‘आदिवासी मारिया’) हे विनोदी पात्र आलं: वेण्या, रंगीबेरंगी कपडे आणि तिच्या भाबडेपणावर पिकणारा हशा. आदिवासी बाई म्हणजे एक तर सोशीक सुंदरी, नाही तर विदूषक. ‘रोमा’ या मेक्सिकन चित्रपटाची आदिवासी नायिका यालित्सा आपारिसिओ हिचं नवल कळायला हा जुना हिशोब ठाऊक हवा.

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातलं त्लाहियाको हे तिचं गाव. वडील मिश्तेक, आई त्रिकी (दोन्ही तिथल्या आदिवासी जमाती), आणि ती स्वतः बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली. ‘रोमा’साठी कलाकार शोधणारे गावात आले, तेव्हा ऑडिशनला निघाली होती खरं तर तिची बहीण, ती गरोदर, म्हणून हिला पुढे केलं. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारॉन हे नाव तिने ऐकलेलंही नव्हतं. मुली पळवण्याचा डाव तर नाही ना, अशीच शंका आधी आली.

चित्रपटातली मोलकरीण क्लिओ मिश्तेक बोलते. यालित्साला ती भाषा येत नव्हती! मुलांना कुणी हिणवू नये म्हणून घरोघरी आईबापच आपली भाषा गिळतात, त्यातलाच हा प्रकार. संवाद तिने मैत्रीण आणि सहकलाकार नान्सी गार्सियाकडून शिकून घेतले.

२०१९मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं; त्याच वर्षी ती युनेस्कोची सदिच्छा दूत झाली. मधल्या काळात एका मालिका-नटाने तिला शिवी हासडून ‘इंडिया’, म्हणजे आदिवासी बाई, म्हटलं, ‘हो बाई, नाही बाई’ म्हणण्यापलीकडे ती करते काय, असंही. ओआहाकाची आदिवासी असल्याचा मला अभिमान आहे, एवढंच तिने ऐकवलं.

त्या ‘हो बाई’मागे कायदाही होता. घरकामगारांना सक्तीच्या सामाजिक विम्यातून वगळणं घटनाबाह्य आहे, असा निकाल मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ला दिला. ‘रोमा’ नेटफ्लिक्सवर आला १४ डिसेंबरला. म्हणजे चित्रपट नेटफ्लिक्सवर येण्याआधीच निकाल लागला होता, आणि त्यामागचा लढा तर त्याहून जुना. ओआहाकाचीच मिश्तेक मार्सेलीना बाउतिस्ता चौदाव्या वर्षी राजधानीत धुणीभांडी करायला आली होती. २०००मध्ये तिने घरकामगारांसाठी केंद्र काढलं, २०१५मध्ये देशव्यापी संघटना उभी राहिली. स्वतःची आईही घरकामं केलेली यालित्सा या मागणीच्या बाजूने बोलू लागली, ती त्यानंतर.