पिसवा अंगावर कमी, घरात जास्त

मागच्या वर्षी गणपतीला आम्ही अकरा दिवस कणकवलीला होतो. मनीला कळव्याला बहिणीकडे ठेवलं होतं. परत येऊन वर्तकनगरचं बंद घर उघडलं, पंखा लावला, केर काढायला घेतला आणि पाच मिनिटांत घोट्यांभोवती लाल गांध्या उठल्या. पिसवा! मांजर घरात नसताना?

त्या घरातच होत्या, कोशात.

पिसूची मादी मांजराचं रक्त प्यायली की दीड-दोन दिवसांत अंडी घालू लागते, रोज 40 ते 50 पर्यंत. अंडी मिठाच्या कणांएवढी आणि गुळगुळीत. केसांत टिकत नाहीत, मांजर झोपतं तिथे झडतात. दिवाणाखाली, सतरंजीच्या विणीत, फरशीच्या सांध्यांत त्यांतून अळ्या निघतात. या अळ्या मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे सुकलेल्या रक्तावर वाढतात आणि मग कोश विणतात. कोश चिकट असतो, त्याला धूळ बसते, त्यामुळे तो नजरेला पडतच नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की क्षणात उडी मारते. तोवर काही महिनेसुद्धा आत थांबू शकते. आमच्या पावलांनी आणि झाडूने त्यांना उठवलं होतं.

मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम 5 टक्के धरल्या जातात. बाकी सगळं बिऱ्हाड अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात घरात. म्हणून ‘दिसल्या की औषध टाकू’ हा हिशेब फसतो.

मानेवर टाकायच्या औषधांपैकी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेलं औषध साधारण महिनाभर काम करतं, फ्लुरालेनरचं सुमारे तीन महिने. कोशातल्या पिसूला यातलं काहीच मारत नाही. ती बाहेर पडून मांजरावर चढते तेव्हा अंगावर औषध असलं, तरच अंडी घालण्याआधी मरते. त्यामुळे पहिल्या डोसनंतर काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. औषध वाया गेलं असं समजून इथेच बरेच जण थांबतात, फार वाईट वाटतं. किमान तीन महिने खंड पडू देऊ नका, आणि घरातल्या प्रत्येक मांजराला औषध द्या.

त्यानंतर? थंड, कोरड्या हवेत अळ्या सुकून मरतात. त्यांना निदान 50 टक्के आर्द्रता लागते. आपल्या खाडीकाठच्या ठाण्यात उबदार, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. म्हणून माझं स्पष्ट मत: इथे वर्षभर, तारीख न चुकवता. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही, कारण पिसवा आपल्या कपड्यांवरूनही घरात येतात.

एक गोष्ट मात्र जीवावर बेतणारी आहे. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही टाकू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, मांजर दगावू शकतं. कापूर घातलेलं खोबरेलही नको, ते चाटून पोटात जातं. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत. पण पिसवांनी रक्त शोषून पिल्लू पांढरंफटक पडतं, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

मनीची गोधडी आम्ही दर आठवड्याला कढत पाण्यात धुतली, दिवाण सरकवून कोपरे साफ केले. दर रविवारी उवांच्या फणीने तिला विंचरायचो आणि फणीतले काळे कण ओल्या कापसावर झटकायचो. कण तांबूस विरघळला तर ती पिसूची विष्ठा, नाहीतर साधी माती. डिसेंबरात कापसावर तांबूस डाग उमटला नाही. जानेवारीच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहिलेलीच होती.